झोपेची राखण

आषाढातला रविवार होता. इगतपुरीला पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. जेवणं उरकली, ताटं उचलली आणि माझ्या लेकीने टेबलावर एक कागद पसरला. ती सिव्हिल इंजिनिअर आहे. रेल्वेची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत नियोजन बघते. पावसाळा सरला की कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात तिच्या कंपनीचं रुळांचं काम सुरू व्हायचं होतं. कागदावरचा प्रश्न एका ओळीत मावत होता : साठ माणसं, चार महिने, काम रात्रीचं, मग दिवसा ती झोपणार कुठे?

समोर माझा थोरला भाऊ बसला होता. गँगमन म्हणून रेल्वेत लागला, मेट झाला, खात्याच्या परीक्षा देत देत पी-वेचा, म्हणजे रुळांच्या देखभालीचा, सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. आजवर किती गँगची राहायची सोय त्याने लावली, याचा त्यालाही हिशेब नाही. त्या दुपारी मामा-भाचीचं जे बोलणं झालं, ते मी इथे लिहिते आहे. दोघांचं शेवटपर्यंत पूर्ण पटलं नाही. तरीही ते लिहावंसं वाटलं, कारण आपण झोपतो तेव्हा रुळांवर जागी असलेली ही माणसं दिवसा नीट झोपली का, हे आपण कधी कुणाला विचारत नाही.

मामा : एवढा विचार कसला करतेस? रुळालगत मोकळी जागा बघ, पत्र्याच्या खोल्या टाक, पाण्याची टाकी बसव, एक आचारी ठेव. गँग कामाजवळ राहिली पाहिजे. आमचा पहिला नियम तोच.

भाची : मामा, माझा पहिला पर्याय तोच होता आणि मी तो खोडला. शहरात एक रिकामी इमारत भाड्याने घ्यावी, चौघांना एक खोली द्यावी, रात्री बसने कामावर न्यावं आणि पहाटे बसने परत आणावं, असं माझ्या मनात आहे. रुळाशेजारी माणूस पडून राहतो, त्याला झोप लागत नाही.

मामा : आणि रात्री बाराला बस बंद पडली तर? शेवटची लोकल गेली की एक-सव्वाला ब्लॉक मिळतो, लाइन आपल्या हाती येते. पहाटे चारच्या सुमाराला पहिल्या लोकलसाठी ती परत द्यायची. मधे जेमतेम तीन तास. त्यात वरच्या तारेतला पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह बंद करून, अर्थिंग लावून, कागदावर सही होईपर्यंत हात लावायचा नाही. शेवटी लाइन तपासून परत द्यायलाही वेळ जातो. खरं काम दोन तासांचं. तेवढ्यात जुना रूळ काढायचा, नवा बसवायचा, क्लिपा ठोकायच्या, खडी भरायची. माणसं वीस मिनिटं उशिरा आली तर काम अर्धं राहतं आणि अर्ध्या कामावरून गाडी सोडता येत नाही. सकाळी फलाटावर माणसांचा समुद्र उभा असतो. म्हणून माणसं हाकेच्या अंतरावर हवीत.

भाची : जिथे हाक ऐकू येते तिथे गाडीचा हॉर्नही ऐकू येतो. आपली माणसं झोपणार सकाळी सात ते दुपारी दोन-तीन. रात्री शांत असलेली लाइन नेमकी तेव्हा धडधडत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत झोपायच्या खोलीतला आवाज तीस डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. तीस म्हणजे कुजबुज. रुळापासून पन्नास पावलांवर पत्र्याच्या खोलीत ते कसं जमणार?

मामा : सवय होते. आम्ही गाडीच्या आवाजातच वाढलो. वेळेची गाडी गेली नाही तर जाग यायची.

भाची : सवय झाली म्हणजे जाग आल्याचं लक्षात राहत नाही एवढंच. शरीर दचकायचं थोडंच थांबतं? दिवसाची झोप मुळातच तुटपुंजी असते. बाहेर ऊन, अंगातलं घड्याळ सांगत असतं की ऊठ. रात्री झोपणाऱ्यापेक्षा ती तासदोन तास तरी कमी भरते. दोन तास धरले तर सहा दिवसांत बारा तासांचं कर्ज झालं, आणि सुट्टीच्या एका दिवसात ते फिटत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगाला कारण' या गटात टाकलं, २०१९ साली पुन्हा तपासून ते कायम ठेवलं. राहायची जागा ही केवळ सोय नाही, मामा.

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

मामा : पहाटेची वेळ मला शिकवू नकोस, बाळा. ती मी पाहिली आहे. साडेतीनच्या पुढे माणसाचे हात जड होतात. पहार उचलतो आणि कुठे लावायची ते क्षणभर विसरतो. गाडीवर नजर ठेवायला लुकआउटला उभा केलेला माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. मी तेव्हा सगळ्यांची नावं घेऊन हाका मारत फिरायचो. नाव ऐकलं की माणूस जागा होतो. १३ फेब्रुवारी २०२३ला पहाटे लासलगावजवळ वरच्या तारेची दुरुस्ती करणाऱ्या टॉवर वॅगनखाली आपले चार ट्रॅकमन गेले. ते झोपेत होते असं मी मुळीच म्हणत नाही, ते कामावर होते. पण ती बातमी ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा घड्याळच आलं. सहा वाजायच्या आत. ज्या वेळी काम करणाराही थकलेला असतो आणि गाडी चालवणाराही, ती वेळ.

भाची : मग आपण दोघं एकच सांगतोय.

मामा : नाही, एकच नाही सांगत. त्या वेळी तुझी साठ दमलेली माणसं बसमध्ये असतील. बस कोण चालवतोय? रात्रभर साइटवर जागा राहिलेलाच ना? घरी जाताना रस्त्यावर मेलेला माणूस रेल्वेच्या अपघातात धरत नाहीत. तो कुठल्याच हिशेबात येत नाही.

भाचीने पेन उचललं आणि कागदावर लिहिलं : ड्रायव्हर दोन, पहाटेचा ड्रायव्हर रात्री झोपलेला हवा. हे तिच्या अंदाजपत्रकात नव्हतं. मला ते बघून बरं वाटलं. वाद घालणारी माणसं एकमेकांचं लिहून घेतात तेव्हा वाद जिंकण्यापुरता राहत नाही.

मामा : लॉजचं काय झालं? गेल्या वर्षी तुम्ही लॉज घेतला होतात.

भाची : तो अनुभव नको. लॉजचं घड्याळ आणि आपलं घड्याळ उलटं चालतं. आमची माणसं सकाळी सहाला यायची. नाश्ता करून, अंघोळ करून सातला आडवी व्हायची. दहाला चादरी बदलायला पोरगा दार ठोठावायचा. बाराला खोली सोडायची वेळ. आम्ही महिन्याचे पैसे भरलेले होते, तरी रोज नवा माणूस काउंटरवर बसायचा आणि रोज दार वाजायचं. खालच्या हॉलमध्ये लग्नं. एकदा दुपारी वरातीचा बँड दोन तास जिन्याखाली वाजत होता. त्या रात्री एका मुलाच्या बोटावर स्लीपर पडला. त्याने सांगितलं की लक्ष नव्हतं. आम्हीही तेच लिहिलं. ते खोटं होतं असं नाही, पण ते अपुरं होतं.

मामा : आणि भाड्याची इमारत? मजूर म्हटल्यावर देतं कोण?

भाची : तीन मालकांनी फोनवर हो म्हटलं आणि माणसं कोण हे कळल्यावर नाही म्हटलं. चौथा तयार आहे. पण दुपारी पाण्याचा पंप चालतो आणि शाळेची बस त्याच्या फाटकासमोर थांबते.

मामा : म्हणजे शहरातही आवाज आहेच. मग माझ्या पत्र्यांनी काय घोडं मारलंय? शिवाय कायदा माझ्या बाजूने आहे. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा रेल्वेच्या कामालाही लागतो. त्यात म्हटलंय की राहायची जागा मोफत द्या, कामाच्या ठिकाणी किंवा शक्य तितक्या जवळ द्या, आणि स्वयंपाक, अंघोळ, कपडे धुणं, संडास यांची वेगळी सोय करा. 'जवळ' हा शब्द कायद्यातला आहे.

भाची : मला माहीत आहे. त्याआधीचा १९७०चा ठेका कामगारांचा कायदाही माहीत आहे. रात्री मुक्काम करावा लागत असेल तर विश्रांतीची खोली ठेकेदाराने द्यायची, त्याने नाही दिली तर मूळ मालकाने द्यायची. आता हे कायदे २०२०च्या संहितेत एकत्र केलेत. पण मी १९७१ची केंद्राची नियमावली उघडून बघितली, तेव्हा एका आकड्यावर अडकले. खोलीत माणशी किमान जागा १.१ चौरस मीटर.

मामा : म्हणजे किती?

भाची : बारा चौरस फुटांपेक्षा थोडी कमी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. गाडीतला एक बर्थ. साठ माणसांना मिळून सातशे दहा चौरस फूट. आपलं हे घर साधारण तेवढंच आहे. या घरात साठ माणसं झोपवली तर नियम पाळला गेला असं लिहिता येईल.

आम्ही तिघांनीही घराकडे पाहिलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि ज्या पडवीत आमच्या छत्र्या वाळत होत्या ती पडवी. मामाने मान हलवली. कूस बदलायलाही शेजाऱ्याची परवानगी लागेल, असं तो हळूच म्हणाला.

भाची : आणि बिऱ्हाडं रुळांलगत एकत्र टाकली की काय होतं ते याच सह्याद्रीने पाहिलंय. १८५६ ते १८६३ बोरघाटाचं काम चाललं. ऐन भरात चाळीस हजारांच्या वर माणसं डोंगरावर होती. पटकी आली आणि हजारो मेले. सुरुंगाने मेले त्यांच्यापेक्षा पाण्याने मेलेले जास्त असतील. आपण बोगदे मोजतो, पूल मोजतो. ती माणसं कुठे झोपत होती, काय पाणी पीत होती, हे कुणी मोजलं?

मामा : म्हणून तर मी टाकी आणि संडास पहिल्यांदा सांगितले. एकत्र राहणं वाईट नसतं, घाण वाईट असते. मुंबईत गिरणगाव उभा राहिला तो एकत्र राहूनच. गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. रात्रपाळीवाला परत यायचा तेव्हा दिवसपाळीवाला निघालेला असायचा. वळकटीची जागा तीच, माणूस बदलायचा. जेवण खानावळीत. गोव्याच्या दर्यावर्दी लोकांचे कूड होते धोबीतलावला, तेही गावागावाचे. बोट मिळेपर्यंत माणूस तिथे राहायचा. गावचा माणूस शेजारी असला की आजारपणात कुणीतरी पाणी देतं. तुझ्या इमारतीत चार अनोळखी माणसं एका खोलीत. एकाला ताप भरला तर कुणाला कळणार?

भाची : कळेल, फोन आहेत सगळ्यांकडे.

मामा : तापलेला माणूस फोन करत नाही. तो पांघरूण ओढून घेतो. हजेरीला एक माणूस कमी दिसतो तेव्हा कळतं, म्हणजे रात्री साडेअकराला. कॅम्पात मेटला सकाळी चहाच्या वेळीच कळतं.

यावर भाचीकडे लगेच उत्तर नव्हतं. तिने खोलीवाटपाच्या यादीत गावं लिहायला सुरुवात केली. परतूरची अकरा, शहडोलची नऊ, पुसदची सात. लिहिता लिहिता ती थांबली.

मामा : यात बायका किती?

भाची : चौदा. सगळ्या जोडप्यातल्या. त्यांचं खडीचं काम, बरंचसं दिवसा.

मामा : आणि पोरं?

भाची : कागदावर एकही नाही.

मामा : आणि खरी?

भाची : सहा-सात असतील.

मामा : मग मला सांग, बाई दिवसा खडीवर, नवरा रात्रभर रुळावर. दिवसा पोर कुणाकडे?

भाचीने पेन खाली ठेवलं. पोर झोपलेल्या बापाकडे. तीन वर्षांचं मूल आणि रात्रभर पहार मारून आलेला बाप एका खोलीत, दार आतून लावलेलं. बाप झोपला तर मूल एकटं, आणि मूल जागं तर बाप जागा. पाळणाघराची सक्ती करायला १९९६च्या कायद्याला पन्नासच्या वर बायका लागायच्या. इथे चौदा होत्या. तिने चौघांना एक खोली हे शब्द खोडले आणि खाली लिहिलं : जोडप्यांना स्वतंत्र खोली, मुलांना सांभाळायला दिवसा एक बाई, कायदा मागो न मागो.

भाची : मामा, एक विचारू? लोको पायलटला रनिंग रूम असते. पलंग, स्वच्छ चादर, गरम जेवण, अंधार, शांतता. मुख्यालयाबाहेर आठ तास ड्यूटी झाली की आठ तास विश्रांती, मुख्यालयात सोळा तास. हे नियमात लिहिलेलं आहे. म्हणजे झोप ही सुरक्षेची गोष्ट आहे, हे रेल्वेला माहीत आहे. मग जो माणूस गाडी चालवतो त्याची झोप मोजायची, आणि ज्या रुळावरून ती चालते तो रूळ आवळणाऱ्याची नाही?

मामा : रनिंग रूम कुणी सहज दिली नाही. त्यासाठी माणसं पिढ्यान् पिढ्या भांडली. तुझा प्रश्न बरोबर आहे. पायलटला डुलकी लागली तर गाडीतल्या हजारांचा जीव जातो, हे सगळ्यांना दिसतं. क्लिप ठोकणाऱ्याला डुलकी लागली तर ते चार दिवसांनी, चार महिन्यांनी दिसतं, किंवा दिसतच नाही. मशीनवाल्यांना निदान कॅम्प कोच असतो. खडी दाबणारं टॅम्पिंग मशीन जिथे जाईल तिथे साइडिंगला त्यांचा डबा उभा. खडीवाल्याला तोही नाही.

भाची : चैत्रात साइडिंगला उभ्या डब्यात दुपारी दोनला तुम्ही झोपला आहात?

मामा : झोपलोय. ओला टॉवेल अंगावर टाकून. वाळला की जाग यायची.

इतका वेळ मी ऐकत होते. मी रेल्वेत नोकरी केली नाही, पण मी आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, गँगच्या क्वार्टरात वाढले आणि ही दोघं जे शोधत होती ते मी लहानपणी रोज पाहिलं होतं. मग मी बोलले.

मी : दादा, आबांची पावसाळ्यातली गस्त आठवते? कसारा घाटात दरड बघत रात्रभर चालायचे. कंदील, शिट्टी, लाल झेंडी, फटाक्यांचा डबा, डोक्यावर घोंगडी. पुढच्या गस्तवाल्याला भेटून गस्तीचं पुस्तक बदलायचं आणि परत फिरायचं. सकाळी यायचे तेव्हा घोंगडी पिळली की परातभर पाणी निघायचं. आई खिडकीला गोधडी टांगायची. ओळीतली सहा घरं, आणि सहाही घरांत एकच कायदा : आबा झोपलेत. दुपारची पॅसेंजर गेल्याशिवाय कुणी मिरच्या कुटायच्या नाहीत. नळाला फडकं बांधायचं आणि त्याचं टोक बादलीत सोडायचं, म्हणजे धार पत्र्यावर वाजत नाही, फडक्यावरून गुपचूप उतरते. ते फडकं मी बांधायचे.

मामा : आठवतं. आणि गाड्या तर दहा हातांवरून जायच्या. त्यांनी आबा कधी उठले नाहीत. मी हेच सांगतोय मघापासून.

मी : गाडीने उठायचे नाहीत. पण अंगणात कुणी 'अहो' म्हटलं की ताडकन उठून बसायचे. कारण गाडी त्यांना बोलवायला येत नव्हती, आणि माणूस बोलवायलाच यायचा. दरड कोसळली, खडीची गाडी आली, कुणी कामावर आला नाही. क्वार्टर जवळ, म्हणून निरोप्या आधी आपल्याकडे. मग आईने उंबरठ्यात बसायला सुरुवात केली. तांदूळ निवडत बसायची. निरोप्या आला की तिथूनच सांगायची, आठ तास झाले नाहीत, दुसऱ्याकडे जा. तिला घड्याळ कळत नव्हतं, ती गाड्या मोजायची. खरोखर दरड कोसळली तरच ती बाजूला व्हायची.

मामाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मामा : मी तो निरोप्या झालो पुढे. कॅम्प साइटला लागून असायचा, माझ्या ऑफिसातून दिसायचा. दुपारी बाराला खडीचा रेक आला, माणसं कमी पडली, की मी म्हणायचो, कॅम्पातले दहा उठवा, तासाभराचं काम आहे. तासाचे तीन तास व्हायचे. रात्री तीच दहा माणसं ब्लॉकला उभी. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. जवळ होती ना. एका रात्री मी ज्याला दुपारी उठवलं होतं, त्याचंच नाव घेऊन हाका मारत होतो की झोपू नकोस. तेव्हाही माझ्या डोक्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या नाहीत.

कुणीच काही बोललं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

भाची : मामा, म्हणजे माझा आवाजाचा मुद्दा अर्धाच होता. जवळ राहण्यातला खरा धोका हा, की माणूस हाताशी असतो. हाताशी असलेल्या माणसाची विश्रांती कुणी विश्रांती धरत नाही.

मामा : आणि माझा मुद्दाही अर्धाच होता. मी म्हणत होतो की लांब ठेवलेला माणूस कुणाचाच नसतो. ते खरं आहे. पण जवळ ठेवलेला माणूस सगळ्यांचा होतो. रेल्वेत माणसाला झोपेतून उठवायला कॉल बॉय म्हणून वेगळा माणूस ठेवायची पद्धत होती. फाटकाला राखणदार आहे, पुलाला आहे, पावसाळ्यात दरडीला आहे. झोपेला कुणी ठेवला नाही. ते काम घरच्या बायकांनी केलं आणि त्याची कुठे नोंद झाली नाही.

मी : कॅम्पात बायको नसते. लॉजमध्येही नसते. म्हणून दोन्हीकडे झोप मोडते.

इथून पुढे बोलणं कामाचं झालं आणि भराभर झालं. अंतरावर दोघं अजून झगडत होती. मामा दहा मिनिटांवर अडून होता, भाची अर्धा तास मागत होती. शेवटी हॉर्न ऐकू येणार नाही इतकं लांब आणि बसने वीस मिनिटांच्या आत, एवढ्यावर आली. मामाला ते आजही जास्त वाटतं. बस बंद पडली तर दुसरी गाडी फाटकात उभी हवी, ही अट त्याने घालून घेतली. खिडक्यांना काळा जाड पडदा. पत्रा असेल तर त्याखाली छत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दोनला कुणीतरी साहेबाने त्या खोलीत तासभर झोपून दाखवायचं, मग भाडं द्यायचं. एका पलंगावर दोन पाळ्या नाहीत. माणशी जागा नियमाच्या तिप्पट. सकाळी सहाला गरम जेवण तयार, म्हणजे कुणी चूल पेटवत बसणार नाही. एका गावची माणसं एका मजल्यावर. पाण्याचा पंप सकाळी सातच्या आत किंवा दुपारी तीननंतर. मालकाशी करारात तसं लिहायचं.

मामाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सुचली नसती. कामावरून निघायच्या आधी लाइनच्या बाहेर, कुंपणाआड बसायला बाक आणि डोक्यावर छप्पर हवं. ब्लॉक संपतो आणि बस येते, या मधल्या अर्ध्या तासात दमलेला माणूस मिळेल तिथे टेकतो. रूळ उंच असतो, कोरडा असतो, रात्रीचा गार लागतो. ८ मे २०२०ला जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. ते रेल्वेचे कामगार नव्हते, घरी निघालेले मजूर होते. पण थकवा माणसाला कुठे आडवा करतो, ते त्यांच्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. बाक महाग नसतो, असं मामा म्हणाला.

मग भाचीने दुसरा कागद काढला, ब्लॉकचा तक्ता. प्रत्येक रात्रीच्या कामाची वेळेनुसार यादी, शेवटच्या रकान्यात जबाबदार माणसाचं नाव. पहिली ओळ होती : रात्री ११.३०, हजेरी. तिने त्या ओळीच्या वर जागा केली आणि लिहिलं : सकाळी ७ ते दुपारी ३, विश्रांती.

मामा : एवढंच लिहिलंस तर ते सुविचारासारखं भिंतीवर राहील. राखणदार लिही.

तिने लिहिलं : राखणदार, दोन. मुक्कामाच्या जागी दिवसभर हजर. कोण आजारी आहे, कोण झोपला नाही, याची रात्री हजेरीच्या आधी साइटवर खबर. न झोपलेल्या माणसाला त्या रात्री रुळावर पाठवायचं नाही. पगार कापायचा नाही.

मामा : अजून एक. मी दुपारी दहा माणसं मागायला आलो, तर?

भाचीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं : अपघात किंवा दरड सोडून कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही अधिकाऱ्याला नाही म्हणायचा राखणदाराला अधिकार.

भाची : वरून कापतील हे. दोन माणसांचा चार महिन्यांचा पगार, आणि काम काय तर लोकांना झोपू देणं.

मामा : कापतील. तेव्हा त्यांना तक्ता दाखव. म्हणावं, ब्लॉक रात्री एकला सुरू होत नाही, सकाळी सातला सुरू होतो. सकाळचे आठ तास फुकट गेले तर रात्रीचे तीन कितीही पैसे ओतून मिळत नाहीत.

ती कागद गुंडाळायला लागली. मामाने हात पुढे करून तो पुन्हा सरळ केला आणि नव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रिकामा होता.

मामा : इथे नाव घाल. माझ्या सगळ्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली. ज्या ओळीपुढे नाव नसतं, ते काम होत नाही.